रिकाम्या पुड्यांचा हिशेब



बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक आवाज ऐकवते. ऐका हं... आला ऐकू? पाचोळ्यातून कोणीतरी चालत जातंय असं वाटलं असेल. पण हा पाचोळा नाही. ही एक छोटी गोणी आहे आणि तिच्यात माझ्या घरच्या एका महिन्याच्या रिकाम्या पुड्या आहेत. चिप्सच्या, बिस्किटांच्या, शाम्पूच्या, मसाल्याच्या. आज सकाळी ही गोणी मांडीवर घेऊन मी एसटीनं रेडिओ केंद्रावर आले. शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, "काय नेतीस गं?" मी म्हटलं, "घरचा हिशेब नेते."

हे कसं सुरू झालं ते सांगते. आमच्या बचत गटात दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत आहे. मागे एका बैठकीत विषय निघाला की बचत ३०० रुपये करू या. सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं. वरचे शंभर आणायचे कुठून? मजुरी रोज मिळत नाही, कांद्याचा भाव पडलेला, दुधाचा पगार पेंडीतच जातो. मीही नाहीच म्हटलं.

हे बोलणं चालू असतानाच एकीचा मुलगा धावत आला. आईच्या पदराला झोंबला, तिनं बोलता बोलता बटव्यातून दहाची नोट काढून दिली आणि तो दुकानाकडे पळाला. थोड्या वेळात दुसरीची नात आली. तीही दहा रुपये घेऊन गेली. कोणाचंच लक्ष नव्हतं. फक्त आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी बघत होत्या. त्या म्हणाल्या, "महिन्याचे शंभर नाहीत म्हणता, आणि बसल्याजागी वीस रुपये गेले ते कुणाला दिसले का?"

कोणाला राग आला, कोणी हसलं. पण मग आम्ही एक ठरवलं. एक महिना घरातली एकही रिकामी पुडी फेकायची नाही, जाळायची नाही. दाराच्या मागं खिळ्याला एक गोणी अडकवायची आणि पुडी रिकामी झाली की तिच्यात टाकायची. खाणं बंद करायचं नाही, कोणाला रागवायचं नाही. नुसतं साठवायचं. पुढच्या बैठकीला सगळ्या जणी गोणी घेऊन आल्या. सतरंजीवर एकेकीची गोणी ओतली आणि मोजदाद केली.

माझ्या घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं, अकरावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. माझ्या गोणीत १२३ पुड्या निघाल्या. मला तर पंचवीस-तीस असतील असं वाटलं होतं. चिप्स आणि नमकीनची दहा रुपयांची पाकिटं ४१, म्हणजे ४१० रुपये. पाच रुपयांचे बिस्किटपुडे आणि तसलंच काहीबाही ३८, म्हणजे १९० रुपये. थंड पेयाच्या वीस रुपयांच्या बाटल्या ४, त्याचे ८०. दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुड्या २०, त्याचे ४०. कपड्याच्या पावडरच्या दहा रुपयांच्या पिशव्या ९, त्याचे ९०. आणि मसाल्याच्या दहा रुपयांच्या पुड्या ११, त्याचे ११०. एकूण ९२० रुपये.

आता यातलं पावडर, मसाला, शाम्पू बाजूला ठेवा. ते घराला लागतंच. नुसता वरचा खाऊ धरला तरी महिन्याचे ६८० रुपये झाले. वर्षाचे किती? ८,१६० रुपये. सणाला थोडे जास्त, पावसाळ्यात थोडे कमी, पण साधारण एवढे.

हा आकडा ऐकून मला वेगळंच आठवलं. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला, पुस्तकांना आणि पासाला मी गटातून ८,००० रुपयांचं कर्ज काढलं होतं. महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज. दर महिन्याला ८०० रुपये मुद्दल फेडत दहा महिन्यांत फेडलं, त्यावर ८८० रुपये व्याज भरलं. ते कर्ज घेताना घरात चार दिवस चर्चा झाली होती. मुलीला शिकवायचं का, तालुक्याला पाठवायचं का, एवढे पैसे घालायचे का. सासूबाईंना विचारलं, दिरांना विचारलं. आणि तेवढेच ८,००० रुपये पुड्यांवर जात होते, त्यासाठी कोणाला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, मला आज सांगायचंय ते एवढंच. मोठा खर्च आपण दहा वेळा विचार करून करतो. साडी घेताना चार दुकानं फिरतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. पण पाच-दहा रुपयांचा खर्च आपण खर्च म्हणून धरतच नाही. तो वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही. आणि दिसत नाही, म्हणूनच तो वाढतो. आपल्याला न दिसणारा हा पैसा पुडी विकणाऱ्याला मात्र चांगला दिसतो.

आता भावाचा हिशेब करू. हे बघा, माझ्या हातात चिप्सचं एक पाकीट आहे. किंमत दहा रुपये, वजन २५ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला चाळीस पैसे. एका किलोला किती? ४०० रुपये! आपल्या दारात कोणी येऊन म्हणालं की ताई, ४०० रुपये किलोनं बटाटा घ्या, तर आपण त्याला हाकलून देऊ. पण दहा रुपयाला म्हटलं की मुकाट्यानं घेतो.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार म्हणून भाग आहे. तिथला बटाटा प्रसिद्ध आहे, चिप्सच्या कारखान्यांनाही जातो. एक किलो चिप्स करायला साधारण चार किलो बटाटा लागतो, कारण बटाट्यातलं पाणी उडून जातं. समजा शेतकऱ्याला किलोला १५ रुपये मिळाले, तर चार किलोचे झाले ६० रुपये. त्याचेच चिप्स ४०० रुपये किलो. मधले सगळेच काही कोणाच्या खिशात फुकट जात नाहीत. तेल आहे, कामगार आहेत, गाडीभाडं आहे, कर आहे, दुकानदाराचा वाटा आहे. पण त्यात त्या चकचकीत पाकिटाचा खर्च आहे आणि टीव्हीवरच्या जाहिरातीचाही आहे. आपल्या मुलानं हट्ट करावा म्हणून जी जाहिरात दाखवतात, तिचे पैसेसुद्धा आपणच देतो. आणि गंमत बघा, आपण आपला माल विकतो क्विंटलवर आणि विकत घेतो ग्रॅमवर.

आता घरचा हिशेब करा. शेंगदाणे १५० रुपये किलो धरा, गूळ ५० रुपये किलो धरा. तुमच्याकडे दर वेगळा असेल तर तो घाला. ६०० ग्रॅम दाण्याचे ९० रुपये आणि ४०० ग्रॅम गुळाचे २० रुपये. ११० रुपयांत किलोभर लाडू झाले. सरपण धरून १२० म्हणा. २५ ग्रॅमचा एक लाडू पडला तीन रुपयांना. दहा रुपयांत तीन लाडू येतात, आणि पोटाला आधार होतो. पाकिटानं पोट भरत नाही, फक्त भूक मोडते. चार वाजता पाकीट खाल्लेलं पोर संध्याकाळी भाकरीला तोंड लावत नाही, हे तुम्हीही घरोघरी बघता.

तुम्ही म्हणाल, पाकिटाची किंमत तर वाढत नाही. पाच वर्षांपूर्वी दहा रुपयांना होतं, आजही दहालाच आहे. इथंच तर मेख आहे. पाच आणि दहा ही नोटेची, नाण्याची किंमत आहे. मुलाच्या हातात तेवढंच असतं. अकरा रुपये केले तर तो घेणार नाही. म्हणून पुष्कळ कंपन्या किंमत तीच ठेवतात आणि आतलं वजन हळूहळू कमी करतात. पाकीट मात्र तेवढंच मोठं दिसतं. पाकिटात हवा भरतात ती नुसती फसवायला भरतात असं नाही. तो नायट्रोजन वायू असतो, त्यानं चिप्स खवट होत नाहीत आणि मोडत नाहीत. पण आपण फुगलेल्या पाकिटाकडे बघून घेऊ नये, वजन वाचून घ्यावं.

वजन वाचणं हा आपला हक्क आहे. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन आणि जास्तीत जास्त किरकोळ किंमत छापावीच लागते. शिवाय २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पैसे पडतात, तेही छापायचं असतं. अगदी छोट्या पुड्यांना सूट आहे, पण इतर पाकिटांवर बारीक अक्षरात ते सापडतं. आपल्या मुली शाळेत शिकतात, त्यांना वाचायला सांगा. ग्रॅमच्या भावाला हजारानं गुणलं की किलोचा भाव निघतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी मागितले, वजनात फसवलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथं तक्रार करता येते.

पण मैत्रिणींनो, पुडी म्हटली की वाईटच, असं मी म्हणणार नाही. ही छोटी पुडी आली कशी? तामिळनाडूत कडलूर नावाचं गाव आहे. तिथल्या चिन्नी कृष्णन नावाच्या गृहस्थांनी १९७० च्या दशकात असा विचार केला की श्रीमंत माणूस जे वापरतो ते रिक्षावाल्याला आणि हमालालाही वापरता आलं पाहिजे. त्यांनी वस्तू छोट्या पुड्यांत भरायला सुरुवात केली. पुढं त्यांच्या मुलांनी शाम्पूच्या पुड्या देशभर नेल्या. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईकडे एकदम दीडशे रुपयांची बाटली घ्यायला पैसे नसतात, पण दोन रुपये असतात. तिच्यासाठी ही सोयच झाली.

आणि आणखी एक सांगते, आमच्या गटात यावरून पैज लागली होती. सगळ्यांना वाटलं, मोठी बाटली घेतली तर शाम्पू स्वस्त पडेल. मिलिलिटरचा हिशेब केला तर उलटंच निघालं! दुकानात होती त्यातल्या बऱ्याच शाम्पूंची पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडत होती. चहा पावडरीचं मात्र तसं नव्हतं. छोट्या पुडीपेक्षा मोठं पाकीट स्वस्त. म्हणून मी म्हणते, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा करा.

पैशांचा हिशेब झाला, पण पुडी रिकामी झाल्यावरही तिचा हिशेब संपत नाही. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली भंगारवाला घेतो. पण चिप्सचं पाकीट त्याला देऊन बघा, तो हात लावत नाही. त्याचं कारण असं आहे. हे पाकीट फाडून आतून बघा, चंदेरी दिसतं. त्यात प्लॅस्टिकचे आणि चंदेरी मुलाम्याचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यामुळं आत ओल, हवा, ऊन जात नाही आणि माल टिकतो. पण हेच थर पुन्हा वेगळे करणं फार अवघड असतं. वेगळे होत नाहीत म्हणून त्याचं पुन्हा काही करता येत नाही, आणि म्हणून त्याला भंगारात भाव नाही.

मग ते जातं कुठं? काही गटारात जाऊन बसतं आणि पहिल्या पावसात तेच पाणी आपल्या ओट्यावर चढतं. काही उकिरड्यावरून शेणखताबरोबर शेतात जातं. काही गाईच्या, शेळीच्या पोटात जातं. खरकट्याच्या, मिठाच्या वासानं जनावर पुडी गिळतं. ती पचत नाही, बाहेरही पडत नाही, पोटात गोळा होऊन बसते. जनावर खाणं सोडतं, वाळत जातं. आणि उरलेल्या पुड्यांचं काय, हे आपणच आठवू. सकाळी बंब पेटवायला, चूल पेटवायला आपण त्याच घालतो. पटकन पेट घेतात म्हणून. पण तो धूर विषारी असतो, आणि चुलीपुढं कोण बसलेलं असतं? आपण, आणि आपल्या मांडीवरचं लेकरू. मीही वर्षानुवर्षं हेच करत होते. गोणी टांगल्यापासून बंद केलं.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ त्यात आहेत. पण ही खाऊची पाकिटं त्या यादीत नाहीत. २०१६ च्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत असं आहे की जो माल प्लॅस्टिकमध्ये भरून विकतो, त्यानंच त्या कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यायची. हे नियम ग्रामपंचायतीच्या हद्दीतही लागू आहेत. तेव्हा गावातल्या पुड्या गोळा करून ठेवायला जागा कुठं, त्या पुढं कुठं पाठवायच्या, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. आम्ही विचारलंय. उत्तर अजून यायचंय, पण वहीत नोंद झाली आहे.

आता करायचं काय? आमच्या गटानं जे केलं ते सांगते. पुड्यांचे आम्ही तीन ढीग केले. पहिला गरजेचा. मसाला, पावडर, चहा. दुसरा सोयीचा. कामावरून उशीर झाला, पाहुणे अचानक आले, शेतावर जाताना पोराला बिस्किटपुडा दिला. आणि तिसरा सवयीचा. काही कारण नसताना आलेला. दुपारी कंटाळा आला म्हणून, शेजारच्या पोरानं आणलं म्हणून, सुटे पैसे नाहीत म्हणून दुकानदारानं हातावर ठेवलं म्हणून. सगळ्यांचा हाच ढीग मोठा निघाला.

गरजेच्या ढिगाला आम्ही हात लावला नाही. फक्त चहा पावडर आणि मसाला गटानं एकत्र, मोठ्या वजनात आणायचा आणि डब्यात मोजून घ्यायचा असं ठरलं. सोयीच्या ढिगाबद्दल कोणी कोणाला बोलायचं नाही, हेही ठरलं. जी बाई दिवसभर खुरपून येते, तिनं पोराला बिस्किटं दिली तर तिला नावं ठेवणारे आपण कोण? फक्त सवयीचा ढीग निम्मा करायचा. घरात एक डबा ठेवायचा, फुटाणे, दाणे, चुरमुरे, लाडू, जे परवडेल ते. आणि पाकिटाचा खाऊ बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा. पोरांना बंदी घालू नका. बंदी घातली की गोडी वाढते. दिवस ठरवून दिला की तीही वाट बघायला शिकतात.

त्या मोजणीच्या दिवशी एका मैत्रिणीनं आपल्या गोणीतून एक चौथा ढीग वेगळा काढला. गुटख्याच्या पुड्यांचा. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, तरी तो ढीग चांगला मोठा होता. ती काही बोलली नाही, आम्हीही काही बोललो नाही. फक्त पुड्या मोजल्या आणि आकडा कागदावर लिहून तिच्या हातात दिला. तो कागद तिनं घरी आरशाजवळ लावला, असं नंतर कळलं. घरात भांडणापेक्षा कागदावरचा आकडा कधी कधी जास्त बोलतो.

पुढच्या महिन्यात माझ्या गोणीत ७१ पुड्या निघाल्या. शून्य नाही झाल्या. मुलाची परीक्षा झाली तेव्हा सासूबाईंनीच त्याला लपवून तीन पाकिटं दिली होती, ती गोणीत सापडली. हसलो आम्ही. आजीची माया हिशेबात कशी धरायची?

पण त्या महिन्याच्या बैठकीत बचत ३०० रुपये करायचा विषय पुन्हा आला, आणि या वेळी कोणी नाही म्हटलं नाही. आमच्या आजी फक्त एवढंच म्हणाल्या, "शंभर रुपये होतेच गं. ते खिळ्याला टांगले नव्हते, म्हणून दिसत नव्हते."

तेव्हा आज घरी गेल्यावर दाराच्या मागं एक गोणी टांगा. महिनाभर काही बदलू नका, नुसतं साठवा. मग बैठकीत मोजा आणि तुमच्या गोणीत काय निघालं ते आम्हाला केंद्रावर कळवा. माझी गोणी मी इथंच ठेवून जाते आहे, पुढच्या वेळी दोन्ही शेजारी ठेवून बघू.